वॅटचा आकडा मोठा, पण जोडी जमते का?

घरच्या स्टिरिओसाठी पॉवर अॅम्प्लिफायर आणि प्रीअॅम्प निवडताना स्पीकर, खोली आणि माहितीपत्रकाच्या तळाशी दडलेले दोन-तीन आकडेच निर्णायक ठरतात

घरात निवांत बसून गाणे ऐकण्याची हौस मोबाइलच्या जमान्यातही संपलेली नाही. कपाटात वर्षानुवर्षे पडून असलेल्या एल.पी. तबकड्या पुन्हा बाहेर निघत आहेत आणि इंटरनेटवरून मिळणारे संगीत नीट ऐकता यावे म्हणून चांगले स्पीकर घेणाऱ्यांची संख्याही कमी नाही. मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी करणाऱ्या ग्राहकाचा पहिला प्रश्न तीस वर्षांपूर्वी होता तोच आजही आहे : ‘किती वॅटचा आहे?’

उत्तर मिळते, घासाघीस होते, पैसे मोजले जातात. घरी आल्यावर मात्र वेगळाच अनुभव येतो. आवाजाचे बटण केसभर हलवले तरी भिंती हादरतात, गाणे थांबले की स्पीकरमधून बारीक सुसकारा ऐकू येतो, आणि दुकानात भरदार वाटलेला डग्गा घरी पोकळ वाटू लागतो. पॉवर अॅम्प्लिफायर उत्तम, प्रीअॅम्पही उत्तम, तरी दोघांचे जमत नाही. असे झाले की दोष बहुधा कोणत्याच उपकरणात नसतो. खरेदीच्या वेळी कोणी न विचारलेल्या आकड्यांत तो असतो. हौसेपोटी घरातली मोठी रक्कम गुंतवण्यापूर्वी हे आकडे समजून घेणे अगत्याचे आहे. त्यासाठी अभियांत्रिकीच्या पदवीची गरज नाही, शाळेतला गुणाकार-भागाकार पुरतो.

कोणाचे काम काय?

गाण्याचा विद्युत संदेश उगमापासून स्पीकरपर्यंत जातो, तेव्हा वाटेत त्याला दोन टप्पे लागतात. प्रीअॅम्प अनेक उगमांतून एकाची निवड करतो, आवाज कमी-जास्त करतो आणि संदेश पुढे धाडण्याजोगा करतो. पॉवर अॅम्प्लिफायर हा हमालीचे काम करणारा गडी. त्याच्याकडे एक-दोन व्होल्टचा नाजूक संदेश येतो आणि तो त्याला स्पीकरचा पडदा हलवण्याइतके बळ देतो. हे दोन्ही एकाच पेटीत असले की त्याला इंटिग्रेटेड अॅम्प्लिफायर म्हणतात. दोन पेट्या वेगळ्या घेतल्या की निवडीचे स्वातंत्र्य मिळते, आणि जोडी जमवण्याची जबाबदारीही ग्राहकावर येते.

वॅटचे मृगजळ

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे आपल्या बाजारात कॅसेट प्लेअरच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’ नावाचे प्रकरण मिरवत असे. तळहातावर मावतील एवढ्या स्पीकरांच्या जोडीवर हजार वॅट छापलेले असत. या मोजमापाला कोणत्याही मान्य प्रमाणाचा आधार नव्हता. ज्याला जो आकडा आवडे, तो छापे. ही तक्रार केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत अशाच फुगवलेल्या आकड्यांना आवर घालण्यासाठी तेथील फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ मध्ये घरगुती अॅम्प्लिफायरांसाठी नियम करावा लागला. त्यातही पळवाटा राहिल्या, म्हणून २०२४ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. आता तेथे शक्तीचा आकडा ८ ओहमच्या भारावर, २० ते २०,००० हर्ट्झ या संपूर्ण पट्ट्यात आणि एक टक्क्याहून कमी विकृती ठेवून सांगावा लागतो. आपल्याकडे दुकानात उभे राहून हेच तीन प्रश्न विचारले, तर समोरचा आकडा किती खरा आहे याचा अंदाज बांधता येतो : किती ओहमवर? कोणत्या पट्ट्यात? किती विकृतीसह? याला जोडून ‘दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालू असताना का’ हेही विचारावे.

अधिक वॅट म्हणजे त्याच प्रमाणात अधिक आवाज, हा समज तर फारच खोलवर रुजलेला आहे. प्रत्यक्षात शक्ती दुप्पट केली की आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. कानाला हा फरक जाणवतो खरा, पण जेमतेम. आवाज ‘दुप्पट’ झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती. साठ वॅटचा अॅम्प्लिफायर विकून ऐंशी वॅटचा घेणाऱ्याच्या पदरात सव्वा डेसिबल पडते. एवढ्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

एक हिशेबच मांडून पाहू. मध्यम आकाराच्या बऱ्याच स्पीकरांची संवेदनशीलता ८६ डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला एक वॅट दिला की एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज मिळतो. सोफा तीन मीटरवर असेल तर अंतरामुळे नऊ-दहा डेसिबल जातात. दुसरा स्पीकर आणि भिंतींवरून परतणारा आवाज मिळून पाच-सहा डेसिबल परत येतात. थोडक्यात, प्रत्येक स्पीकरला एक वॅट दिला की श्रोत्याच्या कानापाशी ८२ डेसिबल पोचतात. फ्लॅटमधल्या दिवाणखान्यात सरासरी ७५ डेसिबल म्हणजे चांगलेच भरघोस ऐकणे झाले. त्यासाठी लागते एक पंचमांश वॅट!

मग पन्नास-शंभर वॅट कशाला? तर संगीतातील उसळीसाठी. तबल्यावरची थाप, पखवाजाचा बोल, वाद्यवृंदाचा अचानक उठणारा कल्लोळ हे क्षण सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर जातात. सरासरी ७५ डेसिबलच्या ऐकण्यात ९५ डेसिबलची उसळी आली, तर त्या क्षणापुरते वीस वॅट हवेत. त्यावर थोडी राखीव शक्ती धरली तरी ४० ते ६० प्रामाणिक वॅट बारा बाय पंधराच्या खोलीला पुरून उरतात. शेजाऱ्यांचा विचार केला तर त्याहूनही कमी चालतील. खोली मोठी असेल, स्पीकर ८२-८३ डेसिबलचे असतील किंवा ऐकणाऱ्याला मैफलीच्या पातळीवर सिंफनी ऐकायची असेल, तरच शंभरच्या पुढे जाण्यात अर्थ आहे.

स्पीकरचा स्वभाव

म्हणूनच क्रम असा हवा : आधी खोली, मग स्पीकर, त्यानंतर पॉवर अॅम्प्लिफायर आणि सर्वांत शेवटी प्रीअॅम्प. आपल्याकडे बहुतेकदा तो उलटा असतो. आवाजात पडणारा सर्वाधिक फरक स्पीकर आणि खोलीचा असतो, त्या खालोखाल ध्वनिमुद्रणाचा. अॅम्प्लिफायर स्पीकरला पुरेसा असेल, तर त्यापुढचे फरक लहान होत जातात. एकूण रकमेतील निम्म्याहून अधिक वाटा स्पीकरांवर खर्च करावा, हा जुना संकेत आजही लागू आहे.

स्पीकरच्या पाठीमागे ‘८ ओहम’ लिहिलेले असते ते केवळ नाममात्र. प्रत्यक्षात हा विरोध सुरागणिक बदलतो; ८ ओहमचा म्हणवणारा स्पीकर एखाद्या पट्टीत तीन-साडेतीन ओहमपर्यंत खाली येतो, तर दुसऱ्या पट्टीत वीस-तीस ओहमवर जातो. विरोध खाली आला की अॅम्प्लिफायरला अधिक प्रवाह पुरवावा लागतो. येथे बऱ्याच अॅम्प्लिफायरांची दमछाक होते. ओळखायचे कसे? माहितीपत्रकात ८ ओहमला ६० वॅट आणि ४ ओहमला १०० किंवा अधिक वॅट दिलेले असतील, तर त्याचा वीजपुरवठा दणकट आहे असे समजावे. ४ ओहमचा आकडाच नसेल, किंवा तो ८ ओहमच्या आकड्याइतकाच असेल, तर अवघड स्पीकरला तो जोडू नये. वॅटच्या ठळक आकड्यापेक्षा ही छोटी ओळ अधिक बोलकी असते.

कमी वॅटमुळे स्पीकर वाचतात, हाही एक गैरसमज. अशक्त अॅम्प्लिफायर ताकदीबाहेर वाजवला की संदेशाचे शेंडे कापले जातात आणि त्यातून निर्माण होणारी जादा तीव्र सुरांची शक्ती ट्वीटर जाळू शकते. मध्यम आवाजात हा धोका नाही. लग्नाच्या हळदीला दिवाणखान्यातली यंत्रणा गच्चीवर नेली की हमखास घडते ते हेच.

दोन पेट्या हव्यातच का?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बहुतेक घरांसाठी ‘नाही’ असे आहे. चांगला इंटिग्रेटेड अॅम्प्लिफायर एकाच निर्मात्याने घडवलेला असल्याने आतली जोडी आधीच जमलेली असते. एक पेटी, एक वीजपुरवठा आणि एक केबल वाचते, ते वेगळेच. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘नॅड’ कंपनीचा १९७८ चा ३०२० हा अॅम्प्लिफायर. कागदावर अवघ्या २० वॅटचा. पण क्षणिक उसळीला भरपूर शक्ती देणारा आणि कमी ओहमच्या स्पीकरांपुढे न डगमगणारा. त्यामुळे जगभरातील मध्यमवर्गीय घरांत तो पोचला. गंमत म्हणजे, त्याच्या पाठीमागे प्रीअॅम्प आणि पॉवर अॅम्प्लिफायर यांना जोडणारे धातूचे दोन छोटे दुवे बाहेरच ठेवलेले होते. ते काढले की पेटीचे दोन स्वतंत्र भाग होत. आज प्रीअॅम्प वापरा, उद्या ऐपत आली की मोठा पॉवर अॅम्प्लिफायर जोडा, अशी ही सोय होती. आजही इंटिग्रेटेड अॅम्प्लिफायर घेताना ‘प्री-आउट’ची जोडणी असलेला निवडला, तर पुढचा रस्ता मोकळा राहतो.

वेगळ्या पेट्या घेण्याला सबळ कारणे आहेतच. स्पीकर अवघड असतील आणि जड पॉवर अॅम्प्लिफायर त्यांच्या जवळ, तर बाकीची उपकरणे दूर ठेवायची असतील. वडिलोपार्जित किंवा जुन्या बाजारातून मिळालेला उत्तम पॉवर अॅम्प्लिफायर हाताशी असेल. व्हॉल्व्हचा प्रीअॅम्प आणि ट्रान्झिस्टरचा पॉवर अॅम्प्लिफायर अशी चव हवी असेल. तर दोन पेट्या घ्याव्यात. केवळ दिसायला भारदस्त म्हणून घेऊ नयेत.

‘क्वाड’चा धडा

जोडी जमणे म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासाठी इंग्लंडमधील ‘क्वाड’ कंपनीची १९६७ ची जोडी उत्तम आहे. ३३ हा प्रीअॅम्प आणि ३०३ हा पॉवर अॅम्प्लिफायर. ३०३ ला ८ ओहमवर ४५ वॅट देण्यासाठी अवघा अर्धा व्होल्ट पुरे. ३३ प्रीअॅम्प बरोबर तेवढाच, अर्धा व्होल्ट देई. त्या काळचा मुख्य उगम होता एल.पी.ची सुई. ती देणार काही मिलिव्होल्ट. त्यामुळे प्रीअॅम्पला खऱ्या अर्थाने वर्धन करावे लागे. रेडिओच्या इनपुटलाही सुमारे ०.१ व्होल्टचीच अपेक्षा होती. सुईपासून स्पीकरपर्यंत सारे माप एकाच शिंप्याने घेतलेले.

पुढे १९८२ मध्ये सीडी प्लेअर बाजारात आला आणि त्याने हे माप मोडले. सीडीच्या पूर्ण पातळीचा संदेश सुमारे २ व्होल्टचा असतो. म्हणजे प्रीअॅम्प नसतानाही ३०३ ला हवे त्याच्या चौपट! जुन्या क्वाड जोडीला थेट सीडी प्लेअर जोडणाऱ्यांना आवाजाचे बटण तळाशीच ठेवावे लागे आणि प्रीअॅम्पच्या इनपुटवर ताण येऊन आवाज कर्कश होई. त्यावर उपाय म्हणून मधे अॅटेन्युएटर, म्हणजे संदेश क्षीण करणारी साधी रोधकांची जोडणी, बसवण्याची पद्धत पडली. काही शे रुपयांचा तो तुकडा हजारोंच्या उपकरणांना पुन्हा गाते करी.

हीच अडचण आजच्या उपकरणांतही जशीच्या तशी भेटते, म्हणून तिचे गणित समजून घेऊ. ८ ओहमवर १०० वॅट देणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी २८ व्होल्ट असतात. त्याची इनपुट संवेदनशीलता १ व्होल्ट असेल, तर तो संदेशाला २८ पट करतो. यालाच २९ डेसिबलचा गेन म्हणतात. आता उगम २ व्होल्टचा आणि प्रीअॅम्पचा गेन १२ डेसिबल, म्हणजे चौपट, असा असेल तर पॉवर अॅम्प्लिफायरच्या दाराशी ८ व्होल्ट येऊन उभे राहतात. त्याला हवा असतो एक. परिणामी आवाजाचे बटण घड्याळाच्या सातपासून जेमतेम नऊपर्यंत फिरवता येते. स्वस्त पोटेन्शिओमीटरच्या या तळच्या टोकाशी डावा-उजवा समतोल सर्वांत वाईट असतो, त्यामुळे गायक मधून सरकून एका बाजूला बसल्यासारखा वाटतो. शिवाय प्रीअॅम्पच्या आउटपुट टप्प्याचा स्वतःचा सुसकारा आवाजाच्या बटणाच्या पुढे असल्याने बटण कमी करूनही जात नाही. तो २८ पट होऊन स्पीकरातून येतो. तानपुऱ्याची शांत आस ऐकताना तो जाणवतो. ९५ डेसिबलहून अधिक संवेदनशील हॉर्न स्पीकर असतील तर विचारायलाच नको.

यातून निघणारा निष्कर्ष थोडा विचित्र वाटेल : आजच्या २ व्होल्टच्या उगमांसाठी प्रीअॅम्पने वर्धन करण्याची बहुधा गरजच उरलेली नाही. २ व्होल्टचे २८ व्होल्ट करायला चौदा पट पुरे. ते काम पॉवर अॅम्प्लिफायर एकटाच करतो. म्हणून २६ ते २९ डेसिबल गेनच्या पॉवर अॅम्प्लिफायरबरोबर शून्य ते सहा डेसिबल गेनचा प्रीअॅम्प शोधावा. ‘अधिक गेन म्हणजे अधिक दम’ असे विक्रेता सांगू लागला, तर त्याला मान डोलवून पुढच्या दुकानात जावे. उलट प्रकारही असतो. काही पॉवर अॅम्प्लिफायरांचा गेन कमी ठेवलेला असतो आणि त्यांना पूर्ण शक्तीसाठी अडीच-तीन व्होल्ट लागतात. त्यांच्यासाठी मात्र थोडा गेन देणारा प्रीअॅम्प हवा.

एकास दहा

दुसरा आकडा इम्पिडन्सचा. प्रीअॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स कमी आणि पॉवर अॅम्प्लिफायरचा इनपुट इम्पिडन्स त्याच्या किमान दहापट असावा, असा सर्वमान्य नियम आहे. नळाची तोटी मोठी आणि बादलीचे छिद्र लहान असले की पाण्याची पातळी टिकते, तसेच काहीसे. ट्रान्झिस्टरच्या आधुनिक प्रीअॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स शे-दोनशे ओहम असतो आणि पॉवर अॅम्प्लिफायरचा इनपुट इम्पिडन्स २० ते ५० किलोओहम. तेथे काळजीचे कारणच नाही.

काळजी आहे ती व्हॉल्व्हच्या प्रीअॅम्पची. समजा, त्याचा आउटपुट इम्पिडन्स २ किलोओहम आहे आणि आउटपुटला ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. जुन्या पद्धतीच्या ४७ किलोओहमच्या पॉवर अॅम्प्लिफायरला तो जोडला तर खर्जाची उतरंड ७ हर्ट्झच्या खाली, म्हणजे ऐकू येण्याच्या पलीकडे, सुरू होते. आता तोच प्रीअॅम्प १० किलोओहम इनपुट इम्पिडन्सच्या अॅम्प्लिफायरला जोडा. क्लास-डी प्रकारातील काही मॉड्यूलांचा आकडा याच घरातला असतो. उतरंड एकदम २८ हर्ट्झवर येते आणि तिची झळ ५०-६० हर्ट्झपर्यंत लागते. शिवाय एकूण पातळी दीड डेसिबलने घटते. टेबलावर ठेवायच्या लहान स्पीकरांत एवढ्या खालचे सूर मुळात येतच नाहीत, त्यामुळे फरक कळणारही नाही. पण जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर असतील तर पखवाजाचा घुमारा आणि ऑर्गनचा खालचा स्वर ओसरलेला जाणवतो. ‘ट्यूबचा आवाज बारीक असतो’ असे मत बनवून लोक प्रीअॅम्प विकून टाकतात. बिचाऱ्याचा दोष नसतो.

वर्धनाची गरज नाही म्हटल्यावर वीज न लागणारा ‘पॅसिव्ह’ प्रीअॅम्प, म्हणजे निव्वळ निवडीचे आणि आवाजाचे बटण, वापरावे असे अनेकांना सुचते. ते चुकीचे नाही. पण पथ्य आहे. १० किलोओहमचे पोटेन्शिओमीटर असेल तर त्याचा आउटपुट इम्पिडन्स फार तर अडीच किलोओहम होतो. १०० किलोओहमचे असेल तर पंचवीस. त्यात तीन मीटर केबल जोडली, मीटरला शंभर पिकोफॅरड धरले, तर वरच्या सुरांची उतरंड २१ किलोहर्ट्झपासून लागते आणि तिची झळ दहा किलोहर्ट्झलाही बसते. पॅसिव्ह प्रीअॅम्पला म्हणूनच १० किलोओहमचे पोटेन्शिओमीटर, हातभर लांबीची केबल आणि भरपूर इनपुट इम्पिडन्सचा पॉवर अॅम्प्लिफायर हवा.

एल.पी. की संगणक?

प्रीअॅम्प निवडताना खरा निर्णायक प्रश्न आहे तो उगमांचा. तबकड्या वाजवायच्या असतील तर फोनो विभाग हवाच. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारची सुई सुमारे ५ मिलिव्होल्ट देते. तिला ४० डेसिबलच्या आसपास गेन आणि ४७ किलोओहमचा भार लागतो. मूव्हिंग कॉइलचा संदेश त्याच्या एक दशांश किंवा आणखी कमी. तिला साठ डेसिबल. याखेरीज १९५४ पासून सर्वत्र रूढ झालेल्या ‘आरआयएए’ वक्रानुसार खर्ज पुन्हा उचलून घ्यावा लागतो, कारण तबकडी कोरतानाच तो दाबलेला असतो. आजच्या अनेक प्रीअॅम्पमध्ये हा विभाग नसतो. तो वेगळा घ्यावा लागेल का, हे खरेदीआधीच विचारावे.

सारे संगीत संगणकावरून किंवा मोबाइलवरून येत असेल, तर प्रश्न बराच सोपा होतो. आवाजाचे बटण असलेला एखादा चांगला डॅक, म्हणजे डिजिटल संदेशाचे विद्युत संदेशात रूपांतर करणारी पेटी, थेट पॉवर अॅम्प्लिफायरला जोडता येतो. स्वतंत्र प्रीअॅम्पची गरजच नाही. २ व्होल्ट आहेत, इम्पिडन्स कमी आहे, बटण आहे. आणखी काय हवे? मात्र पहिल्यांदा जोडताना आवाज अगदी तळाला आहे याची खात्री करावी. संगणकाची एखादी सूचना पूर्ण पातळीवर वाजली तर शंभर वॅट थेट स्पीकरवर आदळतात.

उष्णता आणि वीजबिल

पॉवर अॅम्प्लिफायरांचे वर्ग ऐकून ग्राहक बिचकतो. क्लास-ए मध्ये गाणे वाजो न वाजो, पूर्ण प्रवाह वाहत असतो. २५ वॅटचा असा स्टिरिओ अॅम्प्लिफायर सतत दीड-दोनशे वॅट वीज खातो. रोज चार तास लावला तर २०० वॅटच्या हिशेबाने महिन्याला २४ युनिट, शिवाय एप्रिल-मेमध्ये खोलीत शेगडी पेटवल्याचे सुख. आवाजाच्या गुणांबद्दल त्याचे चाहते भरभरून बोलतात; मुंबईच्या उकाड्याबद्दल कमी. क्लास-एबी हा मधला मार्ग, आजही सर्वाधिक रुळलेला. क्लास-डी सुमारे नव्वद टक्के विजेचे शक्तीत रूपांतर करतो, त्यामुळे तो लहान आणि थंड राहतो. सुरुवातीच्या काळात त्याच्या आवाजाबद्दल असलेल्या तक्रारींना आधार होता; नेदरलँड्समधील ‘हायपेक्स’सारख्या कंपन्यांच्या मॉड्यूलांनी त्या बऱ्याच अंशी निकाली काढल्या आहेत. लहान फ्लॅटसाठी आज तोच सर्वांत व्यवहार्य पर्याय ठरावा.

परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या उपकरणांबाबत एक सावधगिरी. अमेरिकेतील पेटी १२० आणि जपानमधील १०० व्होल्टवर चालते. आपल्या २३० व्होल्टवर ती थेट लावली तर क्षणार्धात जळते. पाठीमागे व्होल्टेज बदलण्याची सोय नसेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. आपल्याकडील वारंवारिता ५० हर्ट्झ असल्याने केवळ ६० हर्ट्झसाठी बांधलेला आतला ट्रान्सफॉर्मर त्यावरही अधिक तापतो.

जोडणी झाल्यावर ‘हूं’ अशी अखंड घुमघुम ऐकू आली, तर बहुतेक वेळा कारण ‘अर्थ’चे असते. दोन उपकरणे वेगवेगळ्या सॉकेटमधून अर्थ घेतात किंवा केबल टीव्हीच्या तारेतून दुसरा अर्थ घरात शिरतो आणि त्यांत वेटोळे तयार होते. सर्व उपकरणे एकाच सॉकेटच्या पट्टीवर घ्यावीत आणि टीव्हीची केबल काढून पाहावी. अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही मेकॅनिक सर्रास देतात. तो कदापि मानू नये. घुमघुम थांबते, पण एखादे दिवशी पेटीच्या धातूच्या अंगात २३० व्होल्ट उतरले तर वाचवणारे काहीच राहत नाही.

जुन्या बाजारात

मुंबईच्या चोरबाजारात आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत सत्तर-ऐंशीच्या दशकांतील अॅम्प्लिफायर आजही मिळतात. मुंबईच्या ‘कॉस्मिक’ची किंवा कोलकात्याच्या ‘सोनोडाइन’ची जुनी पेटी पाहून अनेकांचे तारुण्य जागे होते. अशा पेटीतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पंचवीस-तीस वर्षांत सुकतात. ते बदलण्याचा खर्च किमतीत धरूनच बोलणी करावी. स्पीकर जोडण्यापूर्वी ट्रान्झिस्टरच्या अॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजावे. ते ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. व्होल्टमध्ये असेल तर स्पीकरला हात लावू देऊ नये. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरला मात्र उलटे पथ्य आहे : तो स्पीकरच्या भाराशिवाय चालवू नये.

नवे असो की जुने, दुकानात तुलना करताना दोन्ही अॅम्प्लिफायर एकाच पातळीवर वाजत आहेत ना, हे पाहावे. किंचित मोठ्याने वाजणारे यंत्र कानाला नेहमीच अधिक चांगले वाटते आणि महागडी पेटी अर्धा डेसिबल वर ठेवणे काही अवघड नसते. आपल्या परिचयाची ध्वनिमुद्रणे सोबत न्यावीत. दुकानदाराच्या चमकदार नमुन्यापेक्षा भीमसेन जोशी किंवा किशोरी आमोणकर यांचे वर्षानुवर्षे ऐकलेले एखादे मुद्रण फरक लवकर दाखवते : तानपुरा स्वच्छ ऐकू येतो का, गायकाचा श्वास कळतो का, तबल्याच्या शाईचा आणि किनारीचा नाद वेगळा लागतो का?

शक्य असल्यास प्री आणि पॉवर दोन्ही पेट्या दोन दिवसांसाठी घरी मागून घ्याव्यात आणि आपल्याच स्पीकरांवर वाजवून पाहाव्यात. सुरू करताना आधी प्रीअॅम्प, मग पॉवर अॅम्प्लिफायर; बंद करताना आधी पॉवर, मग प्री. गाणे थांबवून स्पीकरपासून हातभर अंतरावर कान नेऊन सुसकारा ऐकावा आणि नेहमीच्या आवाजात बटण कोठे राहते ते पाहावे. ते दहा ते एकच्या दरम्यान असेल तर पैसे द्यायला हरकत नाही.